इडलीपात्रातले स्क्रू

"टीव्हीला नुसत्या मुंग्या येतायत," काकू बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या. "केबल कापली वाटतं वन्संची."

तुझ्या टीव्हीबद्दल बोलत होत्या, आत्या. तुला जाऊन आठवडा होत आला होता. रत्नागिरीहून आलेल्या मंडळींचं बोलणं संपलं होतं. तू कशी गेलीस हे सगळ्यांना सांगून झालं होतं, सगळ्यांचं ऐकून झालं होतं, आणि मग कुणीतरी कंटाळून टीव्हीचं बटण दाबलं होतं. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते.

"त्याला केबल नाहीच आहे, वहिनी," बाबा म्हणाले. "तो ताईचा कॉम्प्युटरचा टीव्ही."

"कॉम्प्युटरला वेगळा टीव्ही?"

"ते जुने नाहीत का तिचे. ती डबडी."

"हां, ती." मग काकूंनी आवाज खाली आणला. "एकटा जीव हो. मन रमवायला काहीतरी हवंच की. आपली मनाली यायची दर रविवारी, तेवढीच बिचारीला सोबत."

बाहेर जाऊन सांगावंसं वाटलं की ते बारीक बटण पिळू नका. तो टीव्ही तुझ्या मशीनच्या चॅनेलवर लावून ठेवलाय, एकदा हलला की चित्र पुन्हा पकडायला अर्धी दुपार जाते. गेले नाही. विसळलेला कप पुन्हा विसळला.

माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, आता ऑफिसातले मेलही इंग्रजी. पण तुझ्याशी मी इंग्रजीत कधी बोलले नाही, त्यामुळे तुला लिहायचं तर असंच लिहावं लागणार. शिवाय आत्ता दुसरं काही सुचतही नाही. मी दमलेय, आत्या. रडून नाही. रडायला फारसा वेळच मिळाला नाही. खुर्च्या मांडून, खुर्च्या उचलून, चहा कमी साखरेचा की बिनसाखरेचा हे विचारून दमलेय. आणि तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलून: दुपारी चहा टाकायला उठली आणि ओट्याजवळच बसली, त्रास फार झाला नाही. हे शेवटचं आम्हाला कुठे माहीत आहे? पण लोकांना ते ऐकायचं असतं. ऐकलं की ते बरं वाटल्यासारखी मान हलवतात आणि चप्पल शोधायला लागतात.

घरमालकाला घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं ठरलं. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधलं तुझं हे एवढंसं घर, पण आवरायला बसलं की वस्तू संपत नव्हत्या. कपाट काकूंकडे ठाण्याला. गॅस आमच्याकडे भाईंदरला. टीव्ही वॉचमनला. आणि मशीन? बाबा म्हणाले, "रविवारी तो भंगारवाला येतोय जुन्या पलंगासाठी, त्यालाच देऊ." आई म्हणाली, "मनालीला विचारा." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं दाराकडे. काकूंचा निखिलदादा तेवढ्यात म्हणाला, "एखादा छोटा ठेव गं तुला, आठवण म्हणून," आणि सगळ्यांना ते पटलं. सगळ्यात छोटा, काळू, माझ्याकडे, बाकीचे भंगारात. दोन वाक्यांत झालं. मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही, आणि माझ्या बाबतीत याचा अर्थ सगळे हो असाच घेतात.

तुझ्यासमोरही मी अशीच होते ना. पण तुला त्याचा त्रास होत नसे. मी पहिल्यांदा एकटी तुझ्याकडे आले तेव्हा कॉलेजच्या सुट्ट्या होत्या आणि घरात माझ्या अबोलपणावर चर्चा चालू होती. हिला क्लासला घाला, ग्रुपमध्ये मिसळू दे, वगैरे. तू काहीच विचारलं नाहीस. कसं चाललंय नाही, पुढे काय करणार नाही. टेबलावर एक जाडजूड, पिवळट पडलेला कीबोर्ड पालथा पडला होता. तू माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिलास आणि म्हणालीस, "त्या कोपऱ्यातला हलत नाहीये. तुझी बोटं बारीक आहेत, बघ."

तो शाळेचा. गिरगावात तू शिकवायचीस त्या मराठी शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा ते हेच होते, आठ बिटांचे, टीव्हीला जोडायचे. सगळा कॉम्प्युटर त्या कीबोर्डच्या पोटातच असतो, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. शाळेने पुढे नवे घेतले आणि हे अडगळीत टाकले, तेव्हा तू एक मागून घेतलास. मग मस्कतवाला आला, तुझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने कधीकाळी मुलांसाठी आणलेला. मग काळू, रबरी बटणांचा, जेवणाच्या डब्याएवढा. आणि मग आपण दोघी काशीमीऱ्याच्या गोडाऊनमध्ये जायला लागलो, जिथे ऑफिसांचं जुनं सामान ट्रकने येऊन पडतं. तिथला तो माणूस तुला आठवतो? ढिगाऱ्यातून एक मशीन ओढून काढून त्याने तुला उलटसुलट करून दाखवलं.

"मॅडम, ये तो खाली कीबोर्ड है. कॉम्प्युटर किधर है इसका?"

"यही कॉम्प्युटर है भैया."

"इतनाच?"

"इतनाच."

त्याला तुझी कीव आली होती. त्याने वर दोन वायरी फुकट दिल्या. परत येताना रिक्षात मशीन मांडीवर, दोन्ही बाजूंनी ट्रक, तोंडावर ओढणी, आणि तू हसत होतीस. "बघ, आपल्याला फसवलं असं वाटून तो रात्रभर झोपणार नाही."

आपलं बहुतेक काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. कंटाळवाणं होतं. आपल्याकडे खाडीवरून आणि मिठागरांवरून वारा येतो, तो सगळ्या पितळेला, तांब्याला खातो. मुंबईत कुणाकडे वर्षानुवर्षं नीट चाललेलं मशीन मीरा रोडला आणलं की दोन पावसाळ्यांत त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. मग खोडरबर घेऊन ते घासत बसायचं, एकेक. कधी सगळा रविवार तेवढ्यातच जायचा आणि संध्याकाळी बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच यायचं नाही. तू म्हणायचीस, "बरं. म्हणजे कॉन्टॅक्ट नव्हते." जणू एवढं कळलं हेच पुष्कळ.

सोल्डरिंग केलं की राळेचा वास जिन्यात जायचा. समोरच्या कोमलभाभी एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. "शुभाबेन, कौनसा धूप लगाते हो आप? बहुत शांतीवाला है." तू त्यांना राळेचा एक खडा कागदात बांधून दिलास. त्यांनी तो खरंच देवापुढे जाळला असणार.

आणि स्क्रू ठेवायची तुझी ती पद्धत. इडलीपात्र. मशीन उघडताना पहिल्यांदा निघणारे स्क्रू सगळ्यात खालच्या ताटलीत, पुढच्या थराचे तिच्यावरच्या ताटलीत, आणि एकेका खळग्यात एकेका जागेचे. वॉशर त्याच खळग्यात, स्प्रिंग त्याच खळग्यात. बंद करताना वरून खाली यायचं. मी एकदा म्हटलं की औषधांच्या गोळ्यांसाठी कप्प्याकप्प्यांची डबी मिळते, ती आणते. तू म्हणालीस, "इडलीपात्राला दांडा असतो. उचलून दुसऱ्या खोलीत नेता येतं." इडल्या तू घरी कधी केल्याचं मला आठवत नाही. त्या तू स्टेशनजवळच्या अण्णाकडून आणायचीस.

काळूवर आपण कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचो. टेपरेकॉर्डरमधून तो किरकिरा आवाज येत राहायचा, पाच-सात मिनिटं, आणि शेवटी बहुतेक वेळा एरर. टेपच्या हेडजवळच्या बारक्या स्क्रूला जरासा पीळ देऊन आवाज ऐकायचा, पुन्हा पीळ, पुन्हा ऐकायचं. तुला वाटायचं आवाज मोठा हवा. मला ऐकू यायचं की तो मोठा नाही, धारदार हवा. त्या दिवशी मी म्हटलं, "आता थांब," आणि तू थांबलीस, आणि प्रोग्रॅम एका दमात चढला. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "मने, तुला ऐकायला येतं गं." बोलत नाही, बोलत नाही हे मी जन्मभर ऐकलं होतं. ऐकायला येतं हे कुणी म्हटलं नव्हतं. त्यावर मी काय म्हणाले? "कॅसेट उलटी करू का," असं काहीतरी.

तुझा ठिपक्यांच्या रांगोळीचा प्रोग्रॅम तसाच चढायचा. शाळेतल्या मुलींसाठी तू तो लिहिला होतास. आधी पडद्यावर नुसते ठिपके, मग एकेक रेघ, सावकाश, माणूस काढेल तशी. दिवाळीत तू टीव्ही दाराकडे तोंड करून ठेवायचीस, दार उघडं. जिन्यातून जाणारे येणारे थांबायचे. कोमलभाभी म्हणाल्या होत्या, "ये अच्छा है, सुबह झाडना नहीं पडेगा." निखिलदादा त्या वर्षी पुण्याहून आला होता, नवा फोन घेऊन. "आत्या, या तुझ्या मशीनपेक्षा माझ्या फोनमध्ये हजारपट मेमरी आहे."

"हो ना? मग तो उघडून दाखव बरं मला."

"उघडायचा कशाला? वॉरंटी जाईल."

"मग तुझा कसला तो फोन," तू म्हणालीस आणि त्याला करंजी दिलीस.

आपलं भांडण मात्र एकच होतं, आणि ते मिटलं नाही. या मशीनमधले कपॅसिटर, वीज धरून ठेवणारे ते बारके भाग, एवढ्या वर्षांनी जातात. जुने झाले की फुगतात, गळतात, उडतात. माझं म्हणणं होतं की मशीन उघडलंच आहे तर सगळे एकदम बदलावेत. मी सायबर कॅफेत बसून परदेशातल्या हौशी लोकांचं वाचायचे, प्रिंट काढून आणायचे. ते सगळे हेच सांगत होते. तू प्रिंट वाचायचीस, चष्मा कपाळावर सरकवायचीस आणि म्हणायचीस, "जो गेलाय तेवढाच काढू. बाकीच्यांनी काय केलंय?"

"आज ना उद्या जाणारच आहेत ते."

"ते काय, सगळेच जाणार आहेत. सगळे बदललेस तर ते मशीन शाळेचं कुठे राहिलं? नवं एखादं घे ना मग."

"पण उडाला तर? बोर्डच जळला तर?"

"तर तेव्हा भांडू."

शाळेच्या मशीनमध्ये, विजेची वायर आत येते तिथे, पारदर्शक पिवळसर प्लास्टिकचा एक कपॅसिटर आहे. त्याच्या अंगावर बारीक तडे गेलेत, कपाच्या कानाजवळ जातात तसे. आपण ते मशीन शेवटचं उघडलं तेव्हा मी तुला ते बॅटरीच्या उजेडात दाखवले. बिघाड भलतीकडेच होता, चित्र हलत होतं, आणि तू त्याला कारण असलेला दुसरा कपॅसिटर शोधून काढून बदललास. मी म्हटलं, "हा तडकलेलाही आत्ताच बदल." तू म्हणालीस, "काम करतोय ना तो? मग राहू दे." मी तुझ्यावर चिडले. गप्प राहून चिडते तशी. आणि मग एकदम वेगळ्याच विषयावर बोलले. म्हटलं, "आणि तू डॉक्टरकडे सगळी तपासणी कधी करतेस? नुसता गुडघा काय दाखवतेस? जिना चढताना थांबतेस, छातीत जळजळतं म्हणतेस."

"ॲसिडिटी आहे. गुडघा दुखतो, गुडघा दाखवते. दुखत नाही ते कशाला दाखवू?"

वेगळा विषय नव्हता तो, हे मला त्याही वेळी कळत होतं. तुलाही कळलं असणार, कारण तू हसलीस आणि चहा टाकायला उठलीस. मशीन उघडंच राहिलं. स्क्रू इडलीपात्रात. पुढच्या रविवारी बंद करू, असं ठरलं.

त्या रविवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी सकाळी आले तेव्हा जिन्यातच वाफेचा वास आला. काकूंनी गावाहून आलेल्या सगळ्यांसाठी इडल्या केल्या होत्या. ओट्यावर इडलीपात्र, घासून लख्ख, पहिला घाणा काढलेला. मी तिथेच उभी राहिले. काकूंनी माझा चेहरा पाहिला.

"काय गं? गरम आहेत, घे."

"काकू, यात स्क्रू होते."

"होते ना! अगं, प्रत्येक वाटीत खिळेच खिळे. मी म्हटलं हे काय बाई." त्यांनी खिडकीतून दुधाची रिकामी पिशवी काढली. "टाकले नाहीत हो मी. एकूण एक आहेत यात. पण इडलीपात्रात कोण खिळे ठेवतं, तूच सांग?"

बाहेर कुणीतरी फसकन हसलं. मग बाबा हसले. मग आई, पदर तोंडाशी धरून. तू गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणी हसत होतं, आणि काकू बिचाऱ्या गोंधळून सगळ्यांकडे बघत होत्या, हातात ती पिशवी. मीही हसले. हसताना बरं वाटत नव्हतं पण थांबताही येत नव्हतं.

मी पिशवी घेतली आणि आतल्या खोलीत टेबलाशी जाऊन बसले. वर्तमानपत्र पसरून सगळं ओतलं. लांब, आखूड, काळे, पांढरे, दोन वॉशर एकमेकांत अडकलेले. बाहेर चटणी मागितली जात होती. मला वाटलं होतं की झालं, संपलं. तू एवढा क्रम लावून ठेवला होतास आणि तो इडलीच्या पिठाखाली गेला. रविवारी भंगारवाल्याने हे सगळं असंच पोत्यात भरलं असतं तरी कुणाला काय कळणार होतं. तुझ्या खुर्चीची उशी अजून तशीच एका बाजूला दबलेली होती.

मग एक काळा आखूड स्क्रू उचलला. हा स्पीकरच्या जाळीजवळचा. मला माहीत होता, कारण काढताना तो माझ्या हातून पडला होता आणि आपण दोघी रांगत टेबलाखाली गेलो होतो. त्यानंतर तो लांब, ज्याचा आटा झिजलाय. तो उजवीकडे मागे, तो नेहमी तू स्वतः लावायचीस. पुढचा. त्याच्या पुढचा. इडलीपात्र फक्त तुझ्यासाठी होतं की काय, असं वाटायला लागलं. सगळं माझ्या बोटांना पाठ होतं. मी भराभर लावत नव्हते. कुणी हाक मारली तरी ओ दिली नाही. त्या तडकलेल्या कपॅसिटरपाशी मात्र थांबले. नवा आणलेला होता, माझ्या पर्समध्ये, केव्हापासून. सोल्डरिंग आयर्न समोर होतं. आता अडवणारं कुणी नव्हतं.

नाही बदलला. तो वाद अर्धा राहिला होता, आणि त्यातली एक बाजू गेली म्हणून दुसरीने निकाल लावून घ्यायचा हे मला पटलं नाही. तू ठेवलास तसा ठेवला. झाकण लावलं.

रविवारी भंगारवाला जेवायच्या वेळेला आला. पलंग खोलायला घेतला त्याने. निखिलदादा काकूंना न्यायला घोडबंदर रोडने गाडी घेऊन आला होता, वरसाव्याच्या ट्रॅफिकला शिव्या देत. त्याने दिवाणाखालची मशीन एकेक करून हॉलमध्ये आणून ठेवली. शाळेचं मशीन उचलायला आत आला, तेव्हा ते बंद करून टेबलावर ठेवलेलं पाहून थबकला.

"अरे, हा तर उघडा होता ना? कुणी लावला?" मग माझ्याकडे बघून, "तू? चालतो का?"

मला माहीत नव्हतं. खांदे उडवले.

"लाव ना मग. बघू तरी. शेवटचं एकदा."

सगळे आत आले. आई, बाबा, काकू, हात पुसत. भंगारवालाही दारात, पाना हातात. मला इतकी माणसं पाठीशी उभी असलेली आवडत नाहीत, तुला माहीत आहे. टीव्ही लावला. मुंग्या. बारीक बटण फिरवलं, कुणीतरी भलतीकडे नेऊन ठेवलं होतं. मशीनचं बटण दाबलं. तो आवाज आला, आधी बारीक, मग जाड. मुंग्या हलल्या, फाटल्या, आणि पडदा काळा झाला. वर कोपऱ्यात पांढरी अक्षरं, खाली लुकलुकणारी आडवी रेघ. अगदी स्थिर. हलत नव्हतं चित्र. तू शोधलेला बिघाड बरोबर होता, आत्या.

"अय्या," काकू म्हणाल्या. "चालतं की हे."

दादा पुढे आला. त्याने दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं, स्वतःचं नाव असावं. मशीनने त्याला चूक म्हणून सांगितलं. बाबा हसले. बाबा काहीतरी बोलणार होते, तुझ्याबद्दल असणार. आणि तेवढ्यात मशीनमध्ये फाटकन आवाज झाला आणि मागच्या फटीतून धूर यायला लागला. पांढरा, दाट, घाणेरड्या वासाचा.

"बंद कर! बंद कर गं!" आई ओरडली. काकू राम राम म्हणत खिडकीकडे पळाल्या. भंगारवाला "बाजू हटो, मॅडम, फटेगा" म्हणत स्वतःच आधी जिन्यात गेला. समोरून कोमलभाभींचा आवाज आला, "क्या हुआ? क्या जला?" मी प्लग काढायला वाकले. वाकताना माझं लक्ष पडद्याकडे गेलं. धुरातून ती रेघ लुकलुकतच होती. अक्षरं जिथल्या तिथे. मशीन चालूच होतं.

तोच उडाला होता, तडकलेला. मी बरोबर होते. आणि बोर्ड जळला नव्हता, म्हणजे तूही बरोबर होतीस. तर तेव्हा भांडू, म्हणाली होतीस. मी प्लग हातात धरून, धुरात खोकत, खरोखर वळून पाहिलं तुझ्या खुर्चीकडे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू नाहीस. स्मशानात नाही कळलं, दहाव्याला नाही कळलं.

प्लग काढला. पंखा पूर्ण केला. धूर हळूहळू गेला, वास राहिला.

"गेला," दादा म्हणाला. चांगल्या आवाजात म्हणाला तो, मन दुखवायचं नव्हतं त्याला. "जाऊ दे गं. वय झालं होतं त्याचं. बघितलं आपण चालताना, तेच खूप." त्याने मशीनखाली हात घातले. "भैया, आ जाओ. ये भी ले लो."

बाबांनी काळूला पुसून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. काकू जवळ आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या हाताला अजून फोडणीचा वास होता. "रडू नकोस बाळा. खूप केलंस तू वन्संचं. दर रविवारी येऊन बसायचीस, सोबत केलीस त्यांना. हा छोटा आहे ना, हा ठेव आठवण म्हणून."

मी रडत नव्हते, धुराने डोळे चुरचुरत होते. भंगारवाला पोतं घेऊन दारात उभा होता. दादाने मशीन टेबलावरून उचललं होतं. मी मशीनवर हात ठेवला, आणि मग माझाच आवाज मला ऐकू आला, वाटला होता त्याच्यापेक्षा बराच मोठा.

"दादा, खाली ठेव तो. काकू, मला आठवण नकोय. आत्याला सोबत म्हणून मी कधी आलेच नाही, मला हे आवडतं म्हणून यायचे. हे सगळे माझ्या घरी येतायत. मी वापरते ते."